इम्प्रेसिव्हचे वंशज : धडधाकट घोडे अचानक का कोसळत होते?

घोडा उभ्या उभ्या झोपू शकतो, हे आपण सगळ्यांनी शाळेत असताना कधीतरी ऐकलेलं असतं. त्याच्या पायांतले सांधे आणि स्नायुबंध असे अडकून बसतात की फारशी ताकद न लावता तो तासन्‌तास उभा राहतो. गाढ, स्वप्नं पडणाऱ्या झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावं लागतं, पण तेही दिवसातून थोडाच वेळ. शेवटी हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. उठायला जितका वेळ लागेल, तितका शिकाऱ्याचा फायदा. त्यामुळे घोडा विनाकारण खाली पडत नाही, आणि पडलाच तर पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं.

१९८०च्या दशकात अमेरिकेत काही घोडे असे पडत होते. मरतुकडे, म्हातारे किंवा उपाशी नव्हते ते. उलट प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणारे, भरदार पुठ्ठ्यांचे, रुंद छातीचे, अंगावर स्नायूंच्या लाटा दिसाव्यात असे घोडे होते. सुरुवात साधी असायची. कुशीवरची, मानेवरची, खांद्यावरची कातडी थरथरायला लागायची. एखाद्या ठिकाणी घाम फुटायचा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक पातळ पडदा असतो, घोड्याची तिसरी पापणी म्हणा, तो मध्येच डोळ्यावर सरकायचा. मग मागचे पाय लटपटायचे. घोडा कुत्र्यासारखा ढुंगणावर बसायचा आणि शेवटी आडवा व्हायचा. काहींच्या घशातून विचित्र घरघर ऐकू यायची.

एवढं होऊनही त्याची शुद्ध हरपलेली नसायची. तो टकमक बघत असायचा, कान हलवायचा, आवाजाकडे लक्ष द्यायचा. पाव तास, अर्धा तास, फार तर तासभर हे चालायचं. मग तो उठायचा, अंग झटकायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात गवत खायला लागायचा.

काही घोडे मात्र उठायचे नाहीत.

पुरावा न ठेवणारा आजार

पशुवैद्यकाला बोलावलं जायचं, पण तो गाडी काढून येईपर्यंत घोडा तबेल्यात व्यवस्थित उभा. नाडी ठीक, ताप नाही, डोळे स्वच्छ, भूक उत्तम. रक्त तपासायला पाठवावं तर सगळे आकडे जागच्या जागी. डॉक्टर तरी काय लिहिणार?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सगळ्यात नकोसा बग असतो तो असाच, मध्येच येऊन जाणारा. सर्व्हर रात्री बसतो, कुणीतरी उठून लॉगिन करेपर्यंत आपोआप सुरू झालेला असतो, आणि लॉगमध्ये काहीही नसतं. जो बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही तो दुरुस्तही करता येत नाही. मग जे शेवटचं बदललं असेल त्याच्यावर संशय घ्यायचा, एवढंच हातात उरतं.

तबेल्यांतही तेच झालं. कालच नाल बदलली होती का? चारा नवा आला होता का? प्रवास झाला होता? घोड्यांना व्यायामानंतर स्नायू आखडण्याचा एक आजार होतो, त्याचं नाव घेतलं गेलं. पोटशुळाचं नाव घेतलं गेलं, कारण पोट दुखणारा घोडाही घामाघूम होऊन लोळतो. झटके, हृदय, झोपेचे विकार, विषबाधा असे सगळे पर्याय होतेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसं काहीही कारण म्हणून खपून जात होतं.

मेलेला घोडा तरी उत्तर देईल, असं आपल्याला वाटतं. पण इथे शवविच्छेदनही कामाचं नव्हतं. स्नायूंत, मेंदूत, हृदयात डोळ्यांना दिसेल असं फारसं काही सापडायचं नाही. खरा पुरावा एकच होता, झटक्याच्या वेळी रक्तात वाढणारं पोटॅशियम. आणि मृत्यूनंतर कुठल्याही प्राण्याच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं, म्हणजे मेलेल्या घोड्याच्या रक्तात ते वाढलेलं असणारच. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जिवंत घोड्यात पुरावा तासाभरात नाहीसा होतो, मेलेल्या घोड्यात तो इतर खुणांमध्ये मिसळून जातो. तो पकडायचा तर सुई घेऊन झटक्याच्या त्या अर्ध्या तासातच शेजारी उभं असायला हवं.

म्होरकीवरचं सौंदर्य

हे कोणते घोडे होते हे समजण्यासाठी थोडं मागे जाऊ.

अमेरिकेत ‘क्वार्टर हॉर्स’ नावाची घोड्यांची जात आहे. पाव मैलाच्या शर्यतीत हा घोडा भल्याभल्यांना मागे टाकतो, म्हणून नाव क्वार्टर. गुरं वळणाऱ्या काउबॉयचा हा घोडा. चटकन सुटणारा, जागच्या जागी वळणारा, मागच्या भागात प्रचंड ताकद असलेला. १९४० साली या जातीची नोंद ठेवणारी ‘अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन’ स्थापन झाली. टेक्सासमधल्या अमरिलोला तिचं मुख्यालय आहे, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या अश्वनोंदणी संस्थांमध्ये तिची गणना होते.

या संघटनेच्या प्रदर्शनांमध्ये एक गट असतो ‘हॉल्टर’. हॉल्टर म्हणजे आपली म्होरकी. या गटात घोड्यावर खोगीर चढवत नाहीत, कुणी बसत नाही, तो पळत नाही, गुरंही वळत नाही. त्याला नुसतं म्होरकीला धरून रिंगणात आणतात, चालवतात, उभं करतात. परीक्षक त्याची ठेवण पाहतात : मानेचा बाक, पाठीची रेषा, पायांची सरळ ठेवण, आणि सगळ्यात ठळक म्हणजे स्नायू. मूळ कल्पना अशी की चांगली ठेवण असलेला घोडा चांगलं काम करेल, आणि त्याची पिल्लंही चांगली निघतील. म्हणजे हॉल्टर स्पर्धा ही खरं तर पैदाशीसाठी निवड करायची जागा.

१९६९ साली जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ या रिंगणाचा सम्राट ठरला. तांबूस रंगाचा, नावाला जागणारा घोडा. १९७४ साली संघटनेच्या जागतिक स्पर्धेत प्रौढ नरांच्या हॉल्टर गटाचं विजेतेपद त्याला मिळालं. तसे स्नायू लोकांनी याआधी क्वचितच पाहिले होते. त्यानंतर आपल्या घोड्या घेऊन मालक त्याच्या दारात रांग लावू लागले.

घोडीला वर्षाला एक शिंगरू होतं. नराला अशी मर्यादा नसते. इम्प्रेसिव्हची नोंदवलेली शिंगरं सुमारे सव्वादोन हजार आहेत. त्यांतली कित्येक स्वतः विजेती ठरली, त्यांच्याही दारात रांगा लागल्या. १९९२च्या सुमारास त्याच्या हयात वंशजांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली असावी, असा अंदाज केला जातो. एका घोड्याची सगळी कारकीर्द आणि फार तर वीस वर्षं, एवढ्यात हे झालं.

खाण तशी माती, असं आपण म्हणतो. इथे अर्ध्या देशाला एकाच खाणीतली माती हवी होती.

चार घोडे आणि काही माणसं

उलगड्याची सुरुवात घोड्यांपासून झाली नाही, माणसांपासून झाली.

१९५६ साली स्वीडनमधल्या डॉक्टर इनग्रिड गॅमस्टॉर्प यांनी एका आनुवंशिक आजाराचं सविस्तर वर्णन केलं. एरवी ठणठणीत असलेल्या माणसांचे हातपाय अचानक गळून जातात, काही वेळानं पूर्ववत होतात. आजोबांना होतं, वडिलांना होतं, मुलालाही होतं. झटक्याच्या वेळी रक्तातलं पोटॅशियम वाढतं. या आजाराला पुढे ‘हायपरकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस’ हे नाव रूढ झालं. म्हणजे पोटॅशियम वाढून अधूनमधून येणारा लुळेपणा.

माणसांमध्ये हे शोधणं तुलनेनं सोपं होतं याचं कारण उघड आहे. माणूस बोलतो. मेहनत करून थोडा वेळ बसलो की पाय जड होतात, उपाशी राहिलो की त्रास वाढतो, आमच्या आजोबांनाही असंच व्हायचं, हे तो डॉक्टरला सांगू शकतो. घोडा यातलं काहीच सांगू शकत नाही. त्याची कौटुंबिक हकीकत असते ती नोंदणीच्या कागदावर, आणि तो कागद मालकाच्या कपाटात.

१९८५ साली कॉक्स या पशुवैद्यकानं एका परिषदेत चार घोड्यांची हकीकत मांडली. मध्येच येणारा अशक्तपणा, त्या वेळी रक्तात वाढलेलं पोटॅशियम. त्यात नमूद केलं होतं, हे माणसांतल्या त्या आजाराशी फार मिळतंजुळतं आहे. चारच घोडे. पण या वेळी कुणीतरी सुई घेऊन योग्य अर्ध्या तासात शेजारी उभं होतं.

त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेत शॅरन स्पायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घोड्यांचा पिच्छा पुरवला. १९९० साली त्यांनी या आजारावर सविस्तर लिहिलं. त्या काळात निदानाची एक पद्धत होती, घोड्याला मोजून पोटॅशियमचं क्षार पाजायचं आणि झटका येतो का पाहायचं. आमच्या भाषेत, बग मुद्दाम घडवून आणायचा. पद्धत उपयोगी होती पण धोक्याची, कारण घडवून आणलेला झटकाही खराच असतो आणि त्यात घोडा दगावू शकतो. पुढे चांगली चाचणी आल्यावर ती मागे पडली.

मग वंशावळींचे कागद उघडले गेले. आजारी घोड्यांचे आई-बाप, आजे-पणजे शोधत मागे जावं तसं वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळ्या मालकांच्या, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तबेल्यांतल्या घोड्यांच्या रेषा एकाच नावाशी येऊन मिळत होत्या. इम्प्रेसिव्ह.

एक अक्षर

१९९१ साली माणसांतल्या आजाराचं मूळ सापडलं होतं : स्नायूंमधल्या सोडियम चॅनेलचा जीन. पिट्सबर्गमध्ये एरिक हॉफमन यांची प्रयोगशाळा स्नायूंच्या आनुवंशिक आजारांवर काम करत होती. स्नायूंना लागणारं ‘डिस्ट्रॉफिन’ हे प्रथिन शोधणाऱ्या संशोधकांपैकी ते एक. त्यांच्या प्रयोगशाळेतले रुडॉल्फ आणि डेव्हिसच्या स्पायर यांनी मिळून घोड्याचा तोच जीन तपासला. १९९२ साली निकाल आला. आजारी घोड्यांमध्ये त्या जीनमधलं एक अक्षर बदललेलं होतं. ‘सी’च्या जागी ‘जी’. त्यामुळे प्रथिनाच्या लांबलचक साखळीत एका जागी फिनाइलॲलनिनच्या ऐवजी ल्युसिन बसत होतं. एवढंच.

या एवढ्यानं काय होतं? स्नायूच्या पेशीवर सोडियम आत येण्यासाठी दारं असतात. मेंदूकडून हुकूम आला की दार उघडतं, सोडियम आत घुसतं, स्नायू आकसतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात दार बंद होतं. मग पोटॅशियम बाहेर जाऊन पेशी पुन्हा पूर्वस्थितीला येते. या घोड्यांमध्ये काही दारं नीट बंदच होत नाहीत. वॉशर झिजलेल्या नळासारखं सोडियम आत ठिबकत राहतं. स्नायू उगाचच फुरफुरतात. कातडी थरथरते ती त्यामुळे. गळती वाढली की पेशीची विद्युत स्थिती इतकी बिघडते की चांगली दारंही हुकूम ऐकेनाशी होतात, आणि फुरफुरणारा स्नायू लुळा पडतो. दरम्यान पोटॅशियम रक्तात साचतं, आणि वाढलेलं पोटॅशियम गळतीला आणखी चालना देतं. एकदा सुरू झालं की आजार स्वतःलाच खतपाणी घालतो.

आता तबेल्यातले जुने संशय पुन्हा तपासून पाहता येतात. चारा बदलला होता? बरोबर, लसूणघास आणि मळी यांत पोटॅशियम भरपूर असतं. प्रवास झाला होता, घोडा उपाशी राहिला होता? तेही बरोबर, उपास आणि ताण दोन्हींनी झटका येऊ शकतो. मोतद्दार, नालबंद, प्रशिक्षक यांच्या निरीक्षणात चूक नव्हती. ते ज्याकडे बोट दाखवत होते ते झटक्याचं निमित्त होतं. मूळ कारण शिंगरू जन्माला येण्याआधीच लिहून झालेलं होतं. निमित्तालाच कारण समजलं की चोर सोडून संन्याशाला फाशी होते, आणि तबेल्यात संन्यासी म्हणजे बहुतेकदा सगळ्यात कमी पगाराचा माणूस.

परीक्षकांचा डोळा

१९९२च्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच एक टोचणारी गोष्ट होती. त्यात म्हटलं होतं की हा बदल निवडक पैदाशीतून पसरला. म्हणजे निवड करूनही नव्हे, निवड केल्यामुळे.

साधा हिशोब करू. हा आजार प्रभावी जीनचा आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून सदोष प्रत आली तरी पुरते. इम्प्रेसिव्हकडे एक सदोष प्रत होती असं धरलं आणि घोड्या निर्दोष असतील, तर त्याच्या निम्म्या शिंगरांत ती येणार. परीक्षकांना सदोष-निर्दोष यांतला फरक कळत नाही असं मानलं, तर बाहेरच्या घोड्यांशी संबंध होत जाताना नातवंडांत पाव, पतवंडांत एक अष्टमांश. दर पिढीला निम्मं. पाच-सहा पिढ्यांत ती गोष्ट विरळ होऊन नाहीशी झाल्यात जमा व्हायला हवी.

तसं झालं नाही. कारण परीक्षकांना फरक कळत होता. फक्त तो आजार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सतत फुरफुरणारा स्नायू म्हणजे जागच्या जागी, रात्रंदिवस थोडा थोडा व्यायाम करणारा स्नायू, त्यामुळे या घोड्यांचे स्नायू अधिक भरत असावेत, अशी मांडणी संशोधकांनी केली. कॅनडातल्या नेलर यांनी १९९४ साली प्रदर्शनांचे निकाल तपासले, तेव्हा परीक्षक सदोष घोड्यांना झुकतं माप देत असल्याचं दिसलं. रिंगणात दहा घोडे उभे राहिले की डोळा जिथे जाऊन थांबायचा, तिथे बऱ्याचदा ते एक अक्षर बदललेलं असायचं.

‘एरवी निरोगी घोडा अचानक कोसळला’ या वाक्यातला ‘निरोगी’ हा शब्द इथे ढासळतो. घोडा कशावरून निरोगी होता? भरलेल्या अंगावरून. आणि अंग कशानं भरलं होतं, त्याचं एक उत्तर आजार हेच असू शकत होतं. दिसतं तसं नसतं, ही म्हण आपण माणसांच्या ढोंगाबद्दल वापरतो. इथे घोड्यानं कुणाला फसवलं नव्हतं. पाहणाऱ्यांनी काय पाहायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

यात एकेकट्या परीक्षकाला खलनायक करून चालणार नाही. त्याचं काम रिंगणातल्या पाच मिनिटांत उत्तम ठेवण निवडणं हे होतं, आणि ते तो करत होता. मालकाचं काम विजेत्याकडून शिंगरू मिळवणं होतं. खरेदीदाराला विजेत्याचं शिंगरू हवं होतं. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज म्हणून एक आजार हजारो घोड्यांत गेला. पुढे पुढे तर इम्प्रेसिव्हचं रक्त दुप्पट मिळावं म्हणून त्याच्याच वंशातल्या नर-माद्या एकत्र आणल्या गेल्या. अशा दोन सदोष घोड्यांच्या चार शिंगरांपैकी सरासरी एकाला दोन्ही प्रती सदोष मिळतात. त्यांचा आजार जास्त तीव्र असतो, घशाचे स्नायूही लुळे पडून श्वास अडकतो.

कारण कळल्यानंतरची पंधरा वर्षं

१९९२ सालीच चाचणी उपलब्ध झाली. आयाळीचे किंवा शेपटीचे मुळांसकट उपटलेले काही केस प्रयोगशाळेत पाठवायचे, उत्तर दोन अक्षरांत येतं. एन/एन म्हणजे निर्दोष. एन/एच म्हणजे एक प्रत सदोष. एच/एच म्हणजे दोन्ही सदोष.

इंजिनिअरच्या डोळ्यांनी पाहिलं तर गोष्ट इथे संपायला हवी. मूळ कारण सापडलं, ते स्वस्तात ओळखता येतं, एका पिढीत काढून टाकता येतं. एन/एच घोडा एन/एन घोडीशी मिळवला तरी निम्मी शिंगरं पूर्ण निर्दोष जन्मतात. ती ठेवा, त्यांचीच पुढे पैदास करा. यात कुठल्या घोड्याला मारायचं नव्हतं, की कुठल्या वंशाचं नाव पुसायचं नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं ते तारखांत पाहू. १९९६ साली संघटनेनं हा आनुवंशिक दोष असल्याचं आपल्या नियमांत नोंदवलं. १९९८पासून जन्मणाऱ्या इम्प्रेसिव्हच्या वंशजांच्या नोंदणीपत्रावर तसा उल्लेख यायला लागला. आणि १ जानेवारी २००७पासून जन्मणाऱ्या अशा वंशजांची चाचणी सक्तीची झाली, एच/एच निघालेल्या शिंगरांची नोंदणी बंद झाली. चाचणी मिळाल्यापासून पंधरा वर्षांनी. एन/एच घोड्यांना नोंदणीची दारं तेव्हाही उघडीच राहिली.

उशीर करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण ती निव्वळ लबाडीची नव्हती. बरेच एन/एच घोडे आयुष्यभर एकदाही कोसळत नाहीत. पोटॅशियम कमी असलेला चारा, ठरलेल्या वेळी खाणं, नियमित व्यायाम, गरज पडल्यास ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध, एवढ्यावर अनेक घोडे सुखानं जगतात. खुद्द इम्प्रेसिव्ह जवळपास २६ वर्षं जगून १९९५ साली गेला, आणि घोड्यासाठी हे भरपूर आयुष्य आहे. मग ज्या माणसानं कर्ज काढून या वंशाची घोडी घेतली, तिच्या शिंगरांवर ज्याचं घर चालतं, त्यानं ‘सांभाळता येतो की’ असं म्हटलं तर त्याचं पुरतं खोटं नाही.

पण सांभाळणारा तो असतो तोवर. घोडा विकला जातो, हातोहात जातो. पाचव्या मालकाला कागदावरच्या दोन अक्षरांचा अर्थ कुणी समजावलेला असेलच असं नाही. आणि हा प्राणी सुमारे पाचशे किलोचा आहे. तो कोसळतो तेव्हा पाठीवर कुणीतरी बसलेलं असू शकतं. ते कुणीतरी बारा वर्षांचं पोरही असू शकतं.

२००९ साली क्वार्टर हॉर्सच्या वेगवेगळ्या गटांतल्या आनुवंशिक दोषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण क्वार्टर हॉर्समध्ये या दोषाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. शर्यतीच्या, गुरं वळण्याच्या गटांत ते जवळपास नव्हतंच. आणि अव्वल हॉल्टर घोड्यांमध्ये? निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के. चाचणी येऊन सतरा वर्षं झाली होती. ज्या गटांत घोड्याला काहीतरी करून दाखवावं लागत होतं, तिथे दोष टिकला नाही. जिथे त्याला नुसतं दिसायचं होतं, तिथे तो टिकून राहिला. तेही आता सगळं माहीत असताना.

अजून न सुटलेली कोडी

सगळेच कोसळणारे घोडे इम्प्रेसिव्हचे वंशज नसतात. शर्यतीत धावता धावता मरणाऱ्या थरोब्रेड घोड्यांवर एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात २६८ घोड्यांच्या शवविच्छेदनांचे अहवाल होते. निश्चित कारण सापडलं ते ५३ टक्के घोड्यांत. आणखी पाव हिश्श्यात फक्त अंदाज बांधता आला. उरलेल्या २२ टक्क्यांत काहीच नाही. हृदयाचा ताल बिघडला असावा असं बऱ्याचदा वाटतं, पण थांबलेलं हृदय आपला शेवटचा ताल सांगत नाही. पुन्हा तीच अडचण. पुरावा त्या क्षणापुरता असतो.

म्हणून इम्प्रेसिव्हची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकेका तबेल्यातल्या एकेका घोड्याकडे कितीही बारकाईनं पाहिलं असतं तरी ते कोडं सुटलं नसतं. ते सुटलं ते चार घोड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा, मग त्या नोंदी स्वीडनमधल्या माणसांच्या नोंदींशेजारी ठेवल्या तेव्हा, आणि शेवटी वंशावळीचे कागद एकाच टेबलावर पसरले तेव्हा. ज्या मालकांनी आपला घोडा पडतो हे बाजारभावाच्या भीतीनं लपवलं, त्यांनी हे टेबल रिकामं ठेवायला हातभार लावला. ज्यांनी सांगितलं, त्यांनी स्वतःच्या घोड्याची किंमत पाडून अनोळखी लोकांचे घोडे वाचवले. त्यांची नावं कुठल्या चषकावर नाहीत.

क्वार्टर हॉर्स संघटनेनं २०१५पासून पैदाशीच्या नरांसाठी अनेक आनुवंशिक दोषांची एकत्र चाचणी सक्तीची केली. या दोषाबरोबर आणखीही काही दोष त्या यादीत आहेत, आणि त्यांतले काही अशाच दुसऱ्या लाडक्या, बक्षीसपात्र वंशांतून आलेले आहेत. आता प्रदर्शनाच्या रिंगणात घोडा म्होरकीवर चालत येतो तेव्हा त्याची दोन अक्षरं कुठल्यातरी फायलीत लिहिलेली असतात. परीक्षकासमोर मात्र अजूनही घोडाच उभा असतो, तांबूस, भरदार, ऊन पडलं की चमकणारा. ती फाइल मागायची की नाही, हे विकत घेणाऱ्यानं ठरवायचं असतं.